राइझरला पॉवर कशी द्यायची : सॅटाची वायर आधी कचऱ्यात टाका, बाकीचं नंतर वाचा

मे २०२१, पहाटेचे तीन-सव्वातीन वाजले असतील, आईने मला हलवून उठवलं. "अरे ऊठ, तुझ्या त्या मशीनकडनं जळका वास येतोय." मी झोपेतच म्हटलं की शेजारच्यांची मच्छरची कॉइल असेल, झोप तू. ती काय झोपणारी नाही. लाइट लावून बघतो तर गॅलरीत (आमची कांदिवलीची गॅलरी, स्लायडिंग लावून बंद केलेली, सगळ्यांची असते तशीच) स्लॉटेड अँगलच्या रॅकवर जो सहा ग्राफिक्स कार्डांचा रिग (क्रिप्टो कॉइन माइन करायचं मशीन) होता त्यातल्या एका राइझरचा (कार्ड मदरबोर्डपासून लांब ठेवायला त्याच्या खाली लावतात तो छोटा बोर्ड) सॅटा कनेक्टर (हार्डडिस्कला पॉवर देतो तो) वितळून अँगलवर थेंब थेंब ओघळलेला, चुईंगम चिकटवल्यासारखा. आणि कार्ड मजेत चालू! एमसीबी पडला नाही, एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) बंद झाला नाही, हाइव्ह ओएसच्या (माइनिंगची सिस्टिम) स्क्रीनवर सहाच्या सहा कार्डं हिरवी. आई उठली नसती तर काय झालं असतं ते लिहीत बसत नाही.

जळालेला राइझर कुठल्या कार्डाचा होता माहितीये? सगळ्यात छोट्या. पाच १६६० सुपर (हे एनव्हिडियाच्या कार्डांचे नंबर) होते इथेरियम कॉइनवर, आणि एक १०५० टीआय जे ४ जीबी मेमरीचं असल्यामुळे इथेरियमला चालत नव्हतं म्हणून रेव्हनकॉइनवर लावलेलं. मला वाटायचं हे तर बारकं पोर आहे, याला काय वायर लागते. तिथेच माती खाल्ली.

आता २०२२ च्या १५ सप्टेंबरला इथेरियमचं मर्ज झालं (तेव्हापासून ते कार्डांवर माइन करता येत नाही) आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डांवरच्या माइनिंगचा मोठा धंदा बसला, मग आज हे कशाला असं कोणी विचारेल. दोन कारणं. एक तर तेव्हाचे हजारो राइझर अजून सेकंडहँड फिरतायत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पिशवीभरून मिळतात, आणि छोटे कॉइन माइन करणारे अजून आहेतच. दुसरं म्हणजे हल्ली पोरं घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला तीन-चार जुनी कार्डं जोडतात ते याच राइझरवर, आणि तिथे कार्डाला आवर घातलेला नसतो, ते पूर्ण ताकदीने पॉवर ओढतं. म्हणजे वायरिंगची चूक तीच, लोड उलट जास्त.

आधी हिशोब, तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं

कार्डाला पॉवर दोन रस्त्यांनी मिळते. एक वरून लावलेला ६-पिन किंवा ८-पिन, आणि दुसरा खालून, म्हणजे कार्ड ज्यात बसतं त्या स्लॉटमधून. कार्ड थेट मदरबोर्डवर असेल तर स्लॉटची पॉवर मदरबोर्ड देतो. राइझरवर असेल तर ती राइझरने द्यायची, आणि राइझरला ती मिळते तुम्ही त्याच्या बुडाशी जो कनेक्टर खोचता त्यातून. ती जी निळी यूएसबीसारखी केबल मदरबोर्डकडे जाते ती फक्त डेटाची, तिच्यातून कार्डाला पॉवर जात नाही. (आणि ती यूएसबी दिसते म्हणून कॉम्प्युटरच्या खऱ्या यूएसबी पोर्टमध्ये घालू नका, तिच्यात यूएसबीचे सिग्नल नसतातच. एका मित्राने घातलेली, असो.)

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट ओढायची मुभा आहे. त्यात १२ व्होल्टवर ५.५ अँपियर म्हणजे ६६ वॅट, आणि ३.३ व्होल्टवर ३ अँपियर म्हणजे जेमतेम १० वॅट. राइझर हे ३.३ व्होल्ट पण १२ मधूनच बनवतो, त्याच्यावर छोटा रेग्युलेटर असतो. म्हणजे फुल लोडला राइझरच्या त्या एका कनेक्टरमधून १२ व्होल्टचे सहा-सव्वासहा अँपियर जाऊ शकतात.

आता सॅटा बघा. सॅटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १५ पिना असतात, त्यातल्या १२ व्होल्टसाठी तीन, आणि एका पिनेची क्षमता दीड अँपियर. तीन गुणिले दीड म्हणजे साडेचार अँपियर, ५४ वॅट. बस. हा कनेक्टर हार्डडिस्क चालवायला बनवलाय आणि हार्डडिस्कला तो जन्मभर पुरतो. त्याच्यातून तुम्ही सहा अँपियर काढताय, ते पण चोवीस तास, मे महिन्यात, मुंबईत, बंद गॅलरीत.

आणि १०५० टीआयचाच राइझर का जळाला ते पण इथेच आहे. ज्या कार्डाला वरून कनेक्टरच नसतो, बरेचसे १०५० टीआय, १६५० वगैरे, ते आपली सगळीच्या सगळी पॉवर स्लॉटमधून घेतं. मोठ्या कार्डाला वरून ८-पिन असतो, त्याचा बराचसा लोड तिकडून जातो. छोटं कार्ड म्हणून त्याला छोटी वायर लावायची हे डोक्यातून काढून टाका, राइझरच्या दृष्टीने तेच सगळ्यात खादाड. त्यात रेव्हनकॉइनचा अल्गोरिदम कार्डाच्या कोरला चांगलाच पिळतो, त्यामुळे माझं कार्ड ७५ च्या आसपासच बसलेलं असणार. मोठ्यांमध्येही सगळी शहाणी नसतात, आरएक्स ४८० जून २०१६ ला आलं तेव्हा ते स्लॉटमधून ७५ च्या वर ओढत होतं आणि एएमडीला जुलैत ड्रायव्हर बदलून द्यावा लागला.

एमसीबी का नाही पडला

हे नीट समजून घ्या कारण बहुतेक लोक याच भरवशावर राहतात. एमसीबी पडतो तो लाइनवरचा लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झाला तर. एसएमपीएसचं प्रोटेक्शन पण तसंच, हजार वॅटच्या एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ८० अँपियरच्या पुढे जाते, त्याला तुमचे सहा अँपियर म्हणजे काहीच नाहीत. कनेक्टरमध्ये होतं काय की पिन ढिली असते किंवा गंजलेली असते, तिथे थोडासा रेझिस्टन्स येतो, आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स एवढी उष्णता त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत तयार होते. समजा ५० मिलीओहम, म्हणजे मल्टिमीटरवर धड दिसणारही नाही इतका. साडेपाच अँपियरला दीड वॅट झाले. ऐकायला फालतू वाटतं पण सोल्डरिंग आयर्नच्या टोकासारखं एका बिंदूवर तासन्तास दीड वॅट म्हणजे प्लॅस्टिक मऊ पडतं, पिन अजून ढिली होते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी गरम. आणि गंमत अशी की रेझिस्टन्स वाढल्यावर करंट काही जास्त होत नाही, त्यामुळे वरच्या कोणालाच पत्ता लागत नाही. कार्डालाही नाही. वास आला तरच कळणार.

म्हणून पुढचं सगळं जे आहे ते एवढ्यासाठीच, की प्रत्येक जोड हा लोडपेक्षा तगडा असला पाहिजे आणि घट्ट बसलेला पाहिजे.

राइझर घेताना

बाजारात ००६सी, ००८एस, ००९एस असे नंबर छापलेले राइझर मिळतात. नंबर मोठा म्हणजे माल भारी असं काही नाही, तो फक्त डिझाइनचा नंबर. बघायचं एवढंच की खाली ६-पिनचं सॉकेट आहे का. ००९एसवर साधारण तिन्ही असतात, ६-पिन, मोलेक्स आणि सॅटा. तीन सॉकेट आहेत म्हणजे तीन वायरी लावायच्या नाहीत! कुठलाही एकच. तिघांच्या आतल्या तारा एकमेकांना जोडलेल्या असतात, दोन वेगळ्या एसएमपीएसच्या वायरी एकाच राइझरवर लावल्या तर त्या दोन एसएमपीएसची तुम्ही आतून गाठ मारली.

पाकिटात राइझरबरोबर सॅटा टू ६-पिन अशी एक बारकी केबल फुकट येते. तीच ती. मी लॅमिंग्टन रोडला दुकानदाराला विचारलेलं की ही चालेल ना, तर तो म्हणाला, "भाई सब यही लगाते हैं, कुछ नहीं होता." सगळे लावतात हे खरं होतं. ती केबल कात्रीने कापा आणि टाका, नुसती ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर एक दिवस वायर कमी पडेल आणि तुम्हीच ती लावाल. मी स्वतःला ओळखतो म्हणून सांगतोय.

सेकंडहँड असेल तर दुकानातच मोबाइलचा टॉर्च लावून कनेक्टरच्या आत बघा. पांढरं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालेलं, पिनेवर निळसर काळी झाक, बुडाच्या सोल्डरच्या डागाभोवती बोर्डचा रंग बदललेला, यातलं एक जरी दिसलं तरी परत ठेवा. नाक लावून वास पण घ्या, जळक्या बोर्डचा वास महिनोन्महिने जात नाही. दुकानदार बघत राहील, बघू दे. घरी आल्यावर मल्टिमीटर बझरवर लावून राइझरच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये चेक करा, क्षणभर टिक वाजून थांबला तर ठीक, कपॅसिटर भरतात तेवढं, पण सलग वाजत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तो राइझर कार्डाच्या जवळही न्यायचा नाही.

कुठली वायर लावायची

पहिली पसंती ६-पिन. पीसीआयईचा (म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा) ६-पिन कनेक्टर अधिकृतपणे ७५ वॅटचा आहे, म्हणजे बरोब्बर स्लॉटएवढा, आणि त्याच्या पिना जाड असल्याने हाताशी बरंच मार्जिन राहतं. प्रश्न एकच, एसएमपीएसवर तेवढे कनेक्टर कुठून आणायचे, कार्डांनाच सगळे लागतात. लोक सॅटाकडे वळतात ते याचमुळे, हौस म्हणून कोणी वळत नाही.

त्यावर मला सापडलेला आणि आता तीन वर्षं बिनघोर चाललेला उपाय असा. तुमचं कार्ड माइनिंगला एकूण किती वॅट घेतं ते बघा. १६६० सुपर नीट ट्यून केलं तर इथेरियमला ८० वॅटच्या आसपास घ्यायचं, हे एकूण बरं का, वरचं आणि खालचं मिळून. मग एका ८-पिन केबलला, जी १५० वॅटची असते, चांगला स्प्लिटर लावून एक टोक कार्डाला आणि दुसरं ६-पिन टोक त्याच कार्डाच्या राइझरला द्या. दोन्ही मिळून त्या केबलवर येणार ८०च. लोड वाढत नाही, फक्त वाटला जातो. कार्ड आणि त्याचा राइझर एकाच एसएमपीएसवर राहतात हा दुसरा फायदा, त्याचं पुढे सांगतो. ज्या केबलला आधीच दोन ६+२ शेंड्या (६ आणि ८-पिन दोन्हीत बसणाऱ्या) असतात तिथे स्प्लिटरही नको. फक्त कार्ड १५० च्या वर जाणारं असेल, ३०८० वगैरे, तर हा प्रकार करू नका, त्याला प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल आणि राइझरला वेगळी.

स्प्लिटर घेताना वायरवर १६ किंवा १८ एडब्ल्यूजी छापलंय का बघायचं, नंबर जेवढा कमी तेवढी तार जाड. २० किंवा २२ असेल तर नको. आणि छापलेल्यावर पण विश्वास नको, एक वायर टोकाला ब्लेडने खरवडा, आत लालसर तांबं दिसलं पाहिजे, खरवडल्यावर आत पांढरी दिसली तर अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. जाड दिसणारी वायर कधीकधी नुसतंच रबर जाड असतं, आत चार केस.

दुसरी पसंती मोलेक्स, तो जुना चार पिनांचा पांढरा, पिवळी-काळी-काळी-लाल वायरवाला. त्यातली पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्टची राइझरला लागत नाही. पिना गोल आणि जाड असल्याने एका राइझरचा करंट मोलेक्स आरामात सोसतो. पण दोन भानगडी. एक, एसएमपीएसमधून निघणाऱ्या एका मोलेक्सच्या लाइनवर तीन-चार कनेक्टर माळेसारखे असतात आणि त्या सगळ्यांना मिळून पिवळी वायर एकच असते. चार राइझर लावले तर सगळ्यांचा करंट त्या एका तारेतून. त्यामुळे एका लाइनवर जास्तीत जास्त दोन राइझर, आणि १०५० टीआयसारखं बिनकनेक्टरचं कार्ड असेल तर एकच. दुसरी भानगड म्हणजे मोलेक्सच्या पिना प्लॅस्टिकमध्ये डुलत असतात, खोचताना एखादी मागे सरकते आणि बाहेरून बघितलं तर सगळं नीट वाटतं. खोचून झाल्यावर प्रत्येक वायर मागून बोटाने दाबा, आत जातेय असं वाटलं तर काढून परत लावा. सारखं काढघाल करून मादी पिन सैल झाली असेल तर तो कनेक्टर बाद.

सॅटाला पसंतीच नाही. एका सॅटाच्या ऐवजी दोन सॅटाचा ६-पिन बनवणारी पण केबल मिळते, ती कागदावर १०८ वॅटची होते, पण ती दोन्ही टोकं एकाच लाइनवर लावली तर अर्थ नाही आणि सॅटाच्या पिना त्याच नाजूक. मी तरी वापरत नाही.

मॉड्युलर एसएमपीएस असेल तर हे मोठ्या अक्षरात लिहून रॅकवर चिकटवा : एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावायची नाही. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच स्टँडर्ड नाही, खाचा बरोबर बसतात आणि १२ च्या जागी ग्राउंड येतं. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये पण फरक असतो. जुन्या केबलींचा गुंता असेल तर प्रत्येक केबलवर कुठल्या एसएमपीएसची ते पांढऱ्या टेपने लिहून ठेवा. तसंच सीपीयूचा ८-पिन आणि कार्डाचा ८-पिन हे भाऊ-भाऊ दिसतात पण त्यांची पोलॅरिटी उलटी असते. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीचा आहे, थांबा.

दोन एसएमपीएस असतील तर

नियम एकच. कार्ड ज्या एसएमपीएसवर त्याचा राइझरही त्याच एसएमपीएसवर. नाहीतर एका कार्डाच्या वर एकाची १२ आणि खाली दुसऱ्याची १२, दोन्ही अगदी सारखी कधीच नसतात. आणि एक चालू एक बंद अशी वेळ आली, जी लाइट जाऊन आल्यावर हमखास येते, तर कार्ड अर्धवट पॉवरवर लटकतं. दोन्ही एकदम चालू व्हावेत म्हणून अॅड-टू-पीएसयू नावाचा छोटा बोर्ड मिळतो तो लावा, पेपरक्लिप खोचून चालू करायचा जुगाड कायमचा ठेवू नका. त्या बोर्डाला पहिल्या एसएमपीएसचा मोलेक्स किंवा सॅटा लागतो, तिथे सॅटा चालेल, त्याच्यातून करंट नगण्य जातो. सॅटाशी माझं वैर नाही, त्याला त्याच्या कुवतीचं काम द्या एवढंच.

काही जण एचपीचे जुने सर्व्हर सप्लाय घेतात, १२०० वॅटचा, ब्रेकआउट बोर्ड (त्याच्यातून ६-पिन काढून देणारा) लावून. अमेरिकेतल्या ११० व्होल्टवर तो ९०० वॅटच देतो, आपल्याकडे २३० असल्यामुळे पूर्ण १२००. त्याला फक्त १२ व्होल्ट असतं आणि बोर्डवर नुसते ६-पिन, त्यामुळे राइझरसाठी खरंतर एक नंबर. पंखा मात्र एवढा ओरडतो की वन बीएचकेमध्ये घरचे तुम्हाला रिगसकट बाहेर काढतील.

जोडायचा क्रम

सगळं बंद, एसएमपीएसचं मागचं बटण ऑफ, भिंतीवरचंही ऑफ, आणि मिनिटभर थांबा. चालू रिगमध्ये राइझर काढायचा-घालायचा नाही, एक सेकंदाचं काम असलं तरी नाही. राइझर रॅकवर ठेवताना त्याच्या पाठीचे डाग अँगलला टेकत नाहीत ना बघा, खाली प्लॅस्टिकचे स्पेसर किंवा निदान ॲक्रिलिकची पट्टी पाहिजे, पुठ्ठा नको. आधी राइझरला पॉवरची केबल क्लिक होईपर्यंत, मग राइझरवर कार्ड, कार्ड रॅकला स्क्रूने आवळायचं म्हणजे त्याचं वजन राइझरवर येणार नाही, मग वरचा ८-पिन, आणि शेवटी निळी केबल. वायरींना वजन किंवा ताण येऊ देऊ नका, ओढली गेलेली वायर म्हणजे तिरका कॉन्टॅक्ट.

पहिल्यांदा एकाच कार्डावर चालू करा. एकदम सहा नाही. पॉवर लिमिट आधीच खाली आणून ठेवा, साधारण ६५-७० टक्क्यांना बहुतेक कार्डांचा हॅशरेट (माइनिंगचा वेग) फारसा पडत नाही आणि राइझरवरचा भार मात्र उतरतो. विंडोज असेल तर जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाच्या बऱ्याच नव्या कार्डांना स्लॉटमधून किती वॅट जातायत ते वेगळं दिसतं, तो आकडा लिहून ठेवा. ६० च्या वर सतत दिसला तर त्या राइझरला मोलेक्सची सामायिक लाइन द्यायची नाही.

अर्धा तास चालल्यावर प्रत्येक कनेक्टरला हात लावा. अक्षरशः हात लावा, प्लॅस्टिकला, धातूला नाही. कोमट चालेल. बोट ठेवून पाच सेकंद धरवत नसेल तर काहीतरी चुकलंय. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, कोव्हिडनंतर घरोघरी पडलेत पण ते कपाळाचे बहुधा ४२-४३ च्या वर दाखवत नाहीत, इंडस्ट्रियलवाला पाहिजे. मग मल्टिमीटरने मोलेक्सच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथे, पिवळी आणि काळीमध्ये व्होल्टेज बघा. ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे, पण मी सांगतो ११.७ च्या खाली दिसलं की वायर बारीक आहे किंवा जोड ढिला आहे असं धरूनच चालतो. वायरमनकडचा टाँग टेस्टर (क्लॅम्प मीटर) मागून आणाल तर तो बहुतेक फक्त एसी मोजतो, इथे डीसी मोजणारा लागतो, नाहीतर शून्य दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. क्लॅम्पमध्ये फक्त पिवळ्या वायरी घ्यायच्या, काळ्या पण आत गेल्या तर परत शून्य.

पहिलं कार्ड एक तास ठीक चाललं की दुसरं. असं करत सहा कार्डांना एक आख्खा रविवार जातो. जाऊ दे.

भिंतीकडची बाजू, थोडक्यात

सहा कार्डं १२० वॅटची धरली तर बाकी मशीनसकट आठशे, एसएमपीएसचं नुकसान धरून भिंतीतून साधारण ९०० वॅट, म्हणजे चार अँपियर, सतत. ६ अँपियरच्या साध्या बोर्डवर किंवा स्पाइक बस्टरवर हे आकड्यात बसतं पण चोवीस तासात त्याची पण तीच गत होते जी सॅटाची झाली, प्लग काळा पडतो. १६ अँपियरचा पॉइंट वापरा, अडीच स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र १६ चा एमसीबी, मधे एक्स्टेंशन नाही. एसएमपीएस त्याच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर चालेल असा घ्या, म्हणजे आठशेला हजाराचा. आणि जुन्या चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे ते वायरमनकडून तपासून घ्या. रॅकला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ते अर्थिंग नसल्याचं लक्षण, एसएमपीएसच्या फिल्टरमधून लीक होणारा करंट तुमच्यातून जमिनीत जातोय.

बिलाचं म्हणाल तर दिवसाला २१-२२ युनिट, महिन्याला साडेसहाशेच्या घरात, घरातलं वेगळं. बेस्ट असो, अदानी असो, टाटा की महावितरण, ५०० च्या वरचा स्लॅब लागणारच. वर कमाईवर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के टॅक्स. परवडतं का हा तुमचा प्रश्न, मी वायरींचं बोलतोय.

पावसाळ्यातला कार्यक्रम

मुंबईत हे वेगळं सांगावं लागतं. खारी दमट हवा आणि पितळी पिना यांचं जमत नाही, गॅलरीत तर नाहीच. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा असं वर्षातून दोनदा मी सगळे पॉवर कनेक्टर काढतो, पिनांवर पांढरं-हिरवं काही धरलंय का बघतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, वाळवून परत घट्ट बसवतो. पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो, गंजासाठी दारं-खिडक्यांना मारतो तो तेलकट स्प्रे नको, त्याला धूळ चिकटते. रिग महिनाभर बंद ठेवलेला असेल आणि मधे पाऊस होऊन गेला असेल तर आधी पंखा लावून एक दिवस कोरडा करा, मगच चालू. एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत जाते हे पण खरं आहे, आमच्याकडे गेलेली, तिचं पुढे काय झालं ते जेवताना वाचत असाल तर सोडा.

रॅकजवळ पडदा, रद्दी, थर्माकोल, वाळत घातलेले कपडे काही नको. वर छताला एक धुराचा डिटेक्टर, बॅटरीवर चालणारा. दाराजवळ एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर, रिगच्या मागे नाही, नाहीतर आग ओलांडून आणायला जावं लागेल.

आणि वास आलाच तर. कुठला कनेक्टर ते शोधत बसायचं नाही, आधी भिंतीवरचं किंवा मेनचं बटण बंद. पाणी नाही. वितळलेला कनेक्टर गरम असताना ओढायचा नाही, पिना राइझरमध्ये चिकटून तुटतात. थंड झाल्यावर राइझर, ती केबल आणि त्या लाइनवरचा शेजारचा कनेक्टर, तिन्ही बाद समजा, वरवर ठीक दिसले तरी. मी तेव्हा शेजारचा ठेवला होता, चांगला दिसतोय म्हणून. अकरा दिवसांनी तोच वितळला, या वेळी दुपारी, आणि आई घरी होती म्हणून परत एकदा तिनेच बटण बंद केलं.